दवाखान्याच्या बिलातला कर : सूट कुणाला, हक्क कुणाचा?

आम्ही पेशाने शिक्षक. त्यामुळे मोहल्ल्यात कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो फिरत फिरत आमच्या दारात येतो. बँकेची नोटीस, विम्याचा फॉर्म, आणि अलीकडे सगळ्यात जास्त येतात ती हॉस्पिटलची बिलं. काही दिवसांपूर्वी शेजारचे चाचा असंच एक बिल घेऊन आले. चाचींना पाच दिवस एका खासगी हॉस्पिटलात ठेवलं होतं. जनरल वॉर्ड भरलेला आहे असं सांगून त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं गेलं. खोलीचं भाडं दिवसाला ६,००० रुपये, आणि त्याखाली वेगळी ओळ : जीएसटी १,५०० रुपये. चाचांचा सवाल साधा होता. "सर, टीव्हीवर तर सांगतात की दवाखान्यावर टॅक्स नाही. मग हे पंधराशे कसले?"

त्या पंधराशेचं उत्तर आम्ही दोन मिनिटांत दिलं. पण त्यातून जो दुसरा प्रश्न निघाला तो मोठा आहे. सरकार खासगी डॉक्टरांकडून आणि हॉस्पिटलांकडून कर घेतं किती, सोडतं किती, आणि जो सोडतं त्याच्या बदल्यात तुमच्या-आमच्या पदरात काय पडतं? आपल्याकडे यावर फार कमी बोललं जातं. दुनियेतले इतर देश हा मसला कसा हाताळतात ते पाहिलं तर आपल्याकडे नेमकं काय अडलंय ते कळतं. म्हणून हा लेख.

बिलात दिसणारा कर

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून उपचारांना त्यातून सूट आहे. डॉक्टरची फी, ऑपरेशन, आयसीयू, लॅबमधल्या तपासण्या यांवर जीएसटी लागत नाही. १८ जुलै २०२२ पासून मात्र एक अपवाद झाला. आयसीयू सोडून इतर खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर त्यावर ५ टक्के कर लागतो. यात गंमत अशी की कर फक्त वरच्या रकमेवर लागत नाही, पूर्ण भाड्यावर लागतो. ५,००० ची खोली घेतली तर कर शून्य. ५,००१ ची घेतली तर अडीचशे रुपये. चाचांचे पाच दिवसांचे ३०,००० रुपये झाले, त्याचे ५ टक्के म्हणजे ते पंधराशे. हिशोब कायद्याप्रमाणे बरोबर होता.

निव्वळ सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी किंवा केस लावून घेणं यांना ही सूट नाही, तिथे १८ टक्के कर आहे. पण भाजलेल्या किंवा अपघातात जखमी झालेल्या माणसाचा चेहरा दुरुस्त करायचा असेल, किंवा बाळाचा जन्मतः दुभंगलेला ओठ शिवायचा असेल, तर तो उपचार धरला जातो आणि त्यावर कर लागत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून आणखी बदल झाले. बहुतेक औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, काही जीव वाचवणारी औषधं पूर्ण करमुक्त झाली. स्वतः काढलेल्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आधी १८ टक्के कर होता, तो शून्य झाला. कंपनीने किंवा संस्थेने काढलेल्या गटविम्यावर मात्र तो कायम आहे. हे बदल चांगलेच आहेत. पण कराची सगळी कहाणी बिलावर छापलेली नसते.

बिलात न दिसणारा कर

शाळेत आम्ही मुलांना टक्केवारी शिकवतो तसं एक गणित मांडू. एका हॉस्पिटलने साफसफाईचं कंत्राट दिलं, महिना १ लाख रुपये. त्यावर १८ टक्के म्हणजे १८,००० रुपये जीएसटी हॉस्पिटल भरतं. हेच कंत्राट एखाद्या मोठ्या शोरूमने दिलं असतं तर हे १८,००० शोरूमला ग्राहकाकडून गोळा केलेल्या करातून वजा करता आले असते. हॉस्पिटलला तसं करता येत नाही, कारण ते पेशंटकडून जीएसटी घेतच नाही. मग भरलेला कर वळता कशातून करणार? म्हणून तो खर्चात धरला जातो आणि खर्च बिलात येतो. जागेचं भाडं, लिफ्टची देखभाल, कॉम्प्युटर, मशिनी यांचंही असंच. ज्या बिलावर "जीएसटी शून्य" असं लिहिलंय, त्या बिलातही कर असतो. त्याची वेगळी ओळ फक्त नसते.

इंग्लंडमध्येही असंच आहे. तिथे व्हॅटचा सर्वसाधारण दर २० टक्के. नोंदणीकृत डॉक्टरने तब्येत सांभाळण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी दिलेल्या सेवेला त्यातून सूट आहे. पण खासगी दवाखान्याने स्वतःच्या खरेदीवर भरलेला व्हॅट त्याला परत मिळत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांची रीत हीच.

दुसरी रीत संयुक्त अरब अमिरातीत दिसते. तिथे १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. रोगप्रतिबंधक आणि मूलभूत उपचारांना तिथे "सूट" दिलेली नाही, त्यांच्यावर शून्य टक्के दर ठेवला आहे. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण फरक मोठा आहे. दर शून्य असला तरी तो करच असतो, त्यामुळे हॉस्पिटलला स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर सरकारकडून परत मागता येतो. उपचाराच्या खर्चात तो लपून राहत नाही. ऑस्ट्रेलियाने २००० साली १० टक्के जीएसटी आणला तेव्हा बहुतेक वैद्यकीय सेवांसाठी हाच मार्ग धरला.

आपल्याकडेही शून्य दर ठेवावा अशी मागणी हॉस्पिटलवाले अधूनमधून करतात. मागणीत तथ्य आहे. फक्त एक शंका राहते. कर परत मिळाला तर तेवढं बिल कमी होईल, की नफा तेवढा वाढेल? याचा बंदोबस्त केल्याशिवाय ती सवलत पेशंटपर्यंत पोहोचेलच असं आम्हाला वाटत नाही.

परदेशी माणसाला वेगळा नियम

कोकणातल्या, आणि आता मराठवाड्यातल्याही, कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात कामाला आहे. त्यांना सौदी अरेबियाचा नियम माहीत असायला हवा. तिथे २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला, १ जुलै २०२० पासून तो १५ टक्के झाला. खासगी हॉस्पिटलात सौदी नागरिकाने उपचार घेतले तर हा व्हॅट सरकार स्वतः सोसतं. बाहेरून आलेल्या कामगाराच्या बिलावर तो लागतो. म्हणून नोकरीवर जाताना कंपनीचा वैद्यकीय विमा कशाकशाचा खर्च देतो, हे आधीच विचारून घ्यावं. नंतर खिशातून भरताना १५ टक्के जास्तीचे जातात.

हॉस्पिटलच्या नफ्यावरचा तिथला नियमही वेगळाच आहे. सौदी आणि आखाती भागीदारांच्या वाट्यावर अडीच टक्के ज़कात आकारली जाते, परदेशी भागीदारांच्या वाट्यावर २० टक्के आयकर. एकाच हॉस्पिटलचे दोन मालक, आणि दोघांना दोन वेगळे कायदे.

मलेशियानेही १ जुलै २०२५ पासून खासगी हॉस्पिटलांतल्या उपचारांवर ६ टक्के सेवाकर लावला, पण तो फक्त परदेशी पेशंटसाठी. आपल्या नागरिकांना त्यांनी वगळलं. या दोन्ही देशांनी पेशंट आपला की बाहेरचा हे पाहून कर ठरवला. पेशंट गरीब की श्रीमंत हे पाहिलं नाही. सौदीत मजुरी करणारा आपला माणूस तिथल्या श्रीमंत नागरिकापेक्षा जास्त कर भरतो, तो यामुळेच.

डॉक्टरांच्या कमाईवरचा कर

आमच्यासारख्या पगारदाराचा कर हातात पैसे पडण्याआधीच कापला जातो. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी एक सोपी वाट आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर त्यातली किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, बाकी निम्मी खर्च धरली जाते, वह्या ठेवण्याची सक्ती नाही. रोखीने घेतलेली रक्कम एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख. वस्तीतल्या लहान दवाखान्याला भाडं असतं, कंपाउंडरचा पगार असतो, त्यामुळे ही वाट आम्हाला रास्त वाटते. पण ती चालते जमा खरी दाखवली तरच. पावती न देता रोख घेतलेली फी या हिशोबात येत नाही. पावती मागणं हा डॉक्टरचा अपमान नव्हे, ही गोष्ट आपणही शिकली पाहिजे.

औषध कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटवस्तूंचा, सहलींचा विषयही याच खात्यातला. २२ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, कारण त्याची किंमत शेवटी पेशंटच औषधाच्या भावातून मोजतो. त्याच वर्षी १ जुलैपासून २०,००० रुपयांवरच्या अशा लाभांवर १० टक्के कर आधीच कापण्याचा नियमही आला.

सूट घेता, मग देता काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जगात बऱ्याच ठिकाणी मोठी हॉस्पिटलं कंपनी म्हणून नव्हे, तर धर्मादाय संस्था म्हणून चालतात. धर्मादाय म्हटलं की आयकरातून सूट, मालमत्ता करात सवलत, कधी कवडीमोल भावात जमीन. हा जो पैसा सरकार घेत नाही, तो कुणाचा असतो? जनतेचाच. मग बदल्यात काय मिळतं हे विचारायचा हक्कही जनतेचाच.

अमेरिकेत निम्म्याहून जास्त सामान्य हॉस्पिटलं अशी "नफा न कमावणारी" आहेत. १९५६ च्या नियमानुसार त्यांनी ऐपतीप्रमाणे गरिबांवर मोफत किंवा कमी दरात उपचार करणं अपेक्षित होतं. १९६९ मध्ये ती अट सैल झाली आणि "समाजाचा फायदा" इतकंच मोघम माप उरलं. परिणाम काय झाला? केएफएफ या आरोग्यविषयक संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये या हॉस्पिटलांना मिळालेल्या करसवलतींची किंमत सुमारे २८ अब्ज डॉलर होती, आणि त्यांनी केलेल्या धर्मादाय उपचारांचा खर्च सुमारे १६ अब्ज.

याच अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली एक केस मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. अर्बाना शहरातल्या प्रोव्हेना कोव्हेनंट या हॉस्पिटलने २००२ सालासाठी मालमत्ता करातून सूट मागितली. हिशोब काढला तर वर्षभरातल्या सुमारे १ लाख १० हजार पेशंटपैकी फक्त ३०२ जणांना धर्मादाय मदत मिळाली होती. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सूट नाकारली. पुढे २०१२ मध्ये तिथे कायदा झाला : मालमत्ता कराचा जेवढा पैसा वाचतो, किमान तेवढ्या किमतीची मोफत सेवा आणि मदत हॉस्पिटलने दाखवली पाहिजे, तरच सूट. चौथीच्या मुलालाही समजेल इतका सरळ नियम आहे.

उलट उदाहरण इंग्लंडचं. तिथे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या खासगी हॉस्पिटलला जागेच्या करात ८० टक्के सवलत मिळते. सरकारी एनएचएसच्या हॉस्पिटलांनी, जिथे उपचार मोफत होतात, तीच सवलत मागितली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की एनएचएसच्या संस्था कायद्याच्या अर्थाने धर्मादाय नाहीत. फी घेणाऱ्याला सवलत, आणि मोफत इलाज करणारा पूर्ण कर भरणार! कायदा फक्त पाटी बघतो आणि आतलं काम बघत नाही, तेव्हा असं होतं.

ऑस्ट्रेलियात नुकताच जो मार्ग निघाला तो आम्हाला सगळ्यात पटला. तिथली राज्यं पगारांवर पेरोल टॅक्स घेतात. क्लिनिकं म्हणत होती, आमच्याकडचे डॉक्टर नोकर नाहीत, स्वतंत्र आहेत, म्हणून हा कर लागू नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि क्लिनिकं हरली. कर लागला तर फी वाढणार, अशी ओरड झाली. मग न्यू साउथ वेल्स राज्याने ४ सप्टेंबर २०२४ पासून तोडगा काढला. सिडनी महानगरातल्या ज्या क्लिनिकमध्ये ८० टक्के, आणि इतरत्र ७० टक्के तपासण्यांचे पैसे पेशंटकडून न घेता सरकारी मेडिकेअर योजनेतून घेतले जातात, त्यांना करातून परतावा. व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै २०२५ पासून अशा मोफत तपासण्यांपुरती रक्कमच करमुक्त केली. करसवलत तिथे थेट पेशंटच्या न खर्चलेल्या पैशाला बांधली गेली.

आपला कायदा कागदावर मजबूत आहे

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आपल्याकडे असं काही नाही. हकीकत उलटी आहे. महाराष्ट्रात २००६ पासून, मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. खर्च भागवण्यासाठी इतर पेशंटांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. राज्यात अशी चारशेहून जास्त हॉस्पिटलं आहेत. अत्यवस्थ पेशंट आला तर त्याला ताबडतोब दाखल करून जीव वाचवणारे उपचार देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दिल्लीत स्वस्त सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या खासगी हॉस्पिटलांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये असाच निकाल दिला : दाखल पेशंटांपैकी १० टक्के आणि ओपीडीतले २५ टक्के गरीब पेशंट मोफत तपासायचे.

म्हणजे इलिनॉय आणि सिडनी जे अलीकडे करू लागले, ते आपल्या राज्यात वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. उणीव कुठे आहे? एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर महिलेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून केवढं वादळ उठलं ते सगळ्यांनी पाहिलं. पंधरा दिवस चर्चा झाली, मग विषय मागे पडला. हॉस्पिटल आपण होऊन सांगत नाही, पेशंटचे नातेवाईक विचारत नाहीत, आणि खाटा "भरलेल्या" राहतात.

चाचांच्या बिलाकडे परत येऊ. पंधराशे रुपयांचा हिशोब सांगून झाल्यावर आमची नजर कागदाच्या माथ्यावर गेली. तिथे ट्रस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला होता. चाचा शिलाईकाम करतात, कार्ड केशरी आहे, घरात कमावणारे ते एकटे. दुर्बल घटकाच्या मर्यादेत ते आरामात बसत होते. पाच दिवसांत त्यांना कुणी एक शब्दानेही विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर चाची दाखल झाल्या त्या रात्री चाचांचा फोन आम्हालाही आला होता. आम्ही दुआ केली, "काही लागलं तर सांगा" म्हणालो. "हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का बघा" हे सांगायचं आमच्याही डोक्यात आलं नाही. चाचींच्या बांगड्या गहाण ठेवून बिल भरलं गेलं.

आता आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, घरातले कागद तयार ठेवा. रेशन कार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्यासाठी आजारपणाची वाट पाहू नका, अॅम्ब्युलन्स दारात असताना तहसील कचेरी उघडी नसते.

दुसरी, दाखल होतानाच विचारा : हे हॉस्पिटल धर्मादाय आहे का? असेल तर तिथल्या समाजसेवकाला भेटून निर्धन किंवा दुर्बल घटकाच्या खाटेसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नकार मिळाला तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

तिसरी, जनरल वॉर्ड नसेल तर ५,००० च्या आतली खोली आहे का ते विचारा. प्रत्येक पैशाची पावती घ्या. एका आजारपणाच्या बिलापोटी हॉस्पिटलला २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

चौथी गोष्ट आपल्याच लोकांसाठी. आपल्या समाजाच्याही जमाती, अंजुमन, ट्रस्ट दवाखाने चालवतात. चंदा आपण देतो, करसवलत सरकार देतं. तिथेही या वर्षी किती गरिबांवर मोफत इलाज झाला, निधीत किती जमा झाले, किती खर्च झाले, याचा आकडा दारावर लागला पाहिजे. तो गरीब कुठल्या जातीधर्माचा आहे हे विचारण्याचा सवालच येत नाही. दुसऱ्यांच्या हॉस्पिटलला जाब विचारायचा असेल तर सुरुवात आपल्या दारापासून करायला हवी.

मदरशांच्या, मस्जिदींच्या कमिट्यांना, बचतगटांतल्या भगिनींना, शिक्षक मित्रांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांची यादी धर्मादाय कार्यालयातून मिळवा आणि जिथे लोकांची नजर जाते तिथे लावा. आम्ही आमच्या शाळेच्या नोटीस बोर्डावर ती लावली आहे. परवा चाचा येऊन ती वाचत उभे होते. त्यांच्या मेहुण्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात.